क्रिकेट ०७ सारख्या जुन्या गेम्सचा सोर्स कोड कंपन्यांनी सोडून द्यावा का? तुमचं काय मत?

थर्डमॅन_८८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की सुट्टीत भाचा आला होता आणि ताईने त्याचा मोबाईल काढून घेतलेला, म्हणून मी त्याला माझ्या जुन्या पीसीवर ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीची क्रिकेट ०७ लावून दिली. आधी तोंड वाकडं केलं त्याने, हे कसले ग्राफिक्स म्हणे, पण दोन तासांनी ताई जेवायला हाका मारतेय आणि हा पठ्ठ्या "फक्त ही ओव्हर" करत बसलेला. नंतर मला विचारतो, मामा यात डीआरएस कुठून घ्यायचा? सुपर ओव्हर कुठाय? इम्पॅक्ट प्लेयर? आता काय सांगणार, ही गेम आली नोव्हेंबर २००६ मध्ये, तेव्हा आयपीएलच जन्माला आली नव्हती.

तर मुद्दा असा. ही गेम आज जिवंत आहे ती फक्त मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल, बनवणाऱ्या पोरांमुळे. दर सीझनला नवीन जर्सी, बॅटवरचे नवीन स्टिकर, नवी स्टेडियम्स. आठवत असेल तुम्हाला, मूळ गेममध्ये आपल्या टीमचं लायसन्स नव्हतं म्हणून आपल्या प्लेयर्सची नावं मोडूनतोडून टाकलेली होती, ती पण लोकांनीच सरळ केली. पण हे सगळं वरवरचं रंगकाम झालं. बिग फाइल (गेमचं गाठोडं) उघडायची, आतली एफएसएच (चित्रांची फाइल) काढायची, फोटो बदलायचा, परत बांधायची. आतलं डोकं तेच वीस वर्षांपूर्वीचं. समोरच्या टीमचा कॅप्टन तेव्हा जसा येड्यासारखा फील्डिंग लावायचा तसाच आजही लावतो. डीआरएस घालायचा तर मेन प्रोग्रामच्या पोटात शिरावं लागतं आणि तिथं सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, असल्याशिवाय काही करता येत नाही.

कंपनी ही सिरीज पुढे काढत नाही, सीडी विकत नाही, कुठल्या ऑनलाइन दुकानात पण ठेवत नाही. मग सोर्स कोड लोकांना देऊन टाकायला काय जातं त्यांचं? आणि नसतील देत तर तसा कायदा असावा का, की अमुक वर्षं गेम विकली नाही तर कोड मोकळा करायचा?

तपकीर_गल्लीवाला

"काय जातं त्यांचं" हे आपण शेजारच्यांच्या आंब्याबद्दल पण म्हणतो.

बाकी एक साधा प्रश्न, राग मानू नका. २००६ मध्ये ओरिजिनल सीडी घेतली होती का?

थर्डमॅन_८८

@तपकीर_गल्लीवाला नाही ओ. तुमच्या तपकीर गल्लीतूनच (पुण्यातला कॉम्प्युटरचा बाजार) घेतलेली कॉपी, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, वर पेनाने नाव लिहिलेली. बारावीत होतो, घरी नवीन गेमचे पैसे मागितले असते तर बाबांनी पीसीच उचलून माळ्यावर ठेवला असता. चूक होती, मान्य. पण आज द्यायला पैसे आहेत तर घेणारं कोणी नाही ना.

कंपायलर_काका

काय जातं हे बघायला क्रिकेटपर्यंत यायची गरज नाही, डूमचं काय झालं ते बघा.

डूम, म्हणजे बंदुकीने राक्षस मारायची गेम, आली डिसेंबर १९९३ ला. २३ डिसेंबर १९९७ ला, म्हणजे चारच वर्षांत, तिचा मुख्य प्रोग्रामर जॉन कार्मॅकने सोर्स नेटवर टाकला. तेव्हाही सगळं सरळ झालं नाही हां. गेमचा आवाजाचा भाग डीएमएक्स नावाच्या एका बाहेरच्या लायब्ररीवर चालायचा, ती दुसऱ्याच्या मालकीची, त्यामुळे मूळ डॉसचा कोड देता येईना, मग लिनक्सवाल्या आवृत्तीचा दिला. सुरुवातीला त्यावर धंदा करायचा नाही अशी अट होती, १९९९ मध्ये तीही काढली आणि जीपीएल या खुल्या परवान्याखाली केला. आज डूम प्रिंटरच्या स्क्रीनवर चालते, कॅल्क्युलेटरवर चालते, हे जे विनोद आपण बघतो ना ते सगळे त्या एका निर्णयामुळे आहेत.

पण नीट बघा, त्यांनी कोड दिला, गेम नाही दिली. राक्षस, नकाशे, बंदुकांचे आवाज हे सगळं वॅड फाइलमध्ये असतं आणि ती फाइल आजही कंपनीच्या मालकीची आहे, स्टीमवर (गेम्सचं ऑनलाइन दुकान) आजही पैसे देऊन घ्यावी लागते. कोड फुकट असूनसुद्धा लोक घेतात. उलट कोड फुकट आहे म्हणून घेतात, कारण घेतलेली गेम नव्या मशीनवर चालणार याची खात्री असते. आणि गंमत म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये डूम नव्याने काढली तेव्हा फॅन लोकांनी त्या कोडवर वर्षानुवर्षं बसून जे एमबीएफ२१ नावाचं मॉडसाठीचं स्टँडर्ड बनवलं होतं ते कंपनीने स्वतःच्या अधिकृत आवृत्तीत घेतलं. म्हणजे सोडलेला कोड व्याजासकट घरी परत आला.

मी स्वतः १९९९-२००० च्या सुमाराला ऑफिस सुटल्यावर हा कोड डॉट मॅट्रिक्सवर छापून घेऊन वाचलेला माणूस आहे. कंटिन्युअस पेपरची थप्पी बायकोने नंतर कपाटात खाली अंथरायला वापरली. त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही हे आधीच सांगतो.

एसवाय_कॉम्प्स

काका एक बेसिक डाउट, म्हणजे सोर्स दिला तरी गेम फुकट होत नाही असं ना? मला वाटायचं ओपन सोर्स म्हंजे सगळंच फुकट.

आणि आम्हाला सरांनी क्वेक थ्री या शूटिंग गेमच्या कोडमधलं ते वर्गमूळाच्या व्यस्ताचं फंक्शन दाखवलेलं, लाइटिंगसाठी वापरायचे ते, ज्यात एक विचित्र आकडा आहे आणि बाजूच्या कॉमेंटमध्ये चक्क शिवी आहे. अख्खा वर्ग हसला पण सेमिस्टरमधलं तेवढं एकच फंक्शन मला पाठ आहे. सर म्हणाले ती युक्ती कार्मॅकची स्वतःची नाही, त्याच्या आधीपासून फिरत होती, पण २००५ मध्ये तो कोड बाहेर आला म्हणून जगाला माहीत झाली.

कंपायलर_काका

@एसवाय_कॉम्प्स बरोबर समजलास. कोड म्हणजे नाटकाची संहिता आणि प्रकाशयोजनेची वही समज, नेपथ्य, कपडे आणि नट वेगळे. वही मिळाली म्हणून काही नाटक कंपनीचा टेम्पो आपल्या दारात येत नाही.

सर चांगले आहेत तुमचे, जपा त्यांना.

कोल्हापुरी_कंट्रोलर

भावा तुम्ही क्रिकेटचं काय घेऊन बसलाय, व्हाइस सिटीचं काय झालं ते सांगा की ह्याला. आमच्याकडं सायबर कॅफेत तासाला दहा रुपये देऊन निम्मं गाव त्या गेममध्ये मोटरसायकल चालवायला शिकलंय.

तर २०२१ च्या फेब्रुवारीत काय झालं, काही पोरांनी जीटीए थ्री आणि व्हाइस सिटी दोन्हींचा कोड उलटा काढला. म्हणजे कंपनीकडून कोड चोरला नव्हता, तयार प्रोग्राम बघून बघून, हा तुकडा काय करतोय तो काय करतोय असं करत अख्खी गेम परत लिहिली. री-थ्री नाव त्या प्रोजेक्टचं. जुने बग काढले, वाइड स्क्रीन केलं, लोडिंग काढून टाकलं. आणि चालवायला तुमच्याकडं मूळ गेमच्या फाइली पाहिजेतच, त्याशिवाय चालत न्हाई. म्हणजे काकांनी सांगितलं तसंच, नेपथ्य तुमचं तुम्ही आणा. तरी पण टेक-टूने, म्हणजे जीटीएच्या मालक कंपनीने, नोटीस मारून गिटहबवरून (कोड ठेवायची वेबसाइट) उतरवलं, मग पोरांनी उलट अर्ज केला, परत वर आलं, मग सप्टेंबरात कंपनीने कॅलिफोर्नियात थेट केस घातली.

आणि दोन महिन्यांनी नोव्हेंबरात कंपनीची स्वतःची नवी आवृत्ती आली. काय ती आवृत्ती! पाऊस पडला की समोरचं काय दिसंना, दुकानांच्या पाट्या मशीनकडून मोठ्या करून घेतलेल्या त्यामुळं स्पेलिंगं चुकलेली, माणसांचे चेहरे बघून ल्हान पोरगं घाबरंल. शेवटी कंपनीलाच माफी मागावी लागली आणि जुन्या गेम परत विकायला ठेवाव्या लागल्या. फुकट काम करणाऱ्या पोरांवर केस, आणि पैसे घेऊन केलेलं काम असलं. मला तरी ह्यातनं एवढंच कळलं की जीव लावून काम कोण करतंय आणि कागद कुणाच्या नावावर हाय ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत.

तपकीर_गल्लीवाला

@कोल्हापुरी_कंट्रोलर नवी आवृत्ती वाईट होती हे कबूल, मी स्वतः पैसे घालवलेत. पण त्यांचं वाईट काम हे आपल्या हक्काचं कारण कसं होतं? माझं घर मी वाईट रंगवलं म्हणून तुम्ही येऊन रंगवणार का.

शिवाय कोड सोडला की सगळं गोडच होतं असं नाही. क्वेकचा सोर्स डिसेंबर १९९९ मध्ये दिला आणि लगेच लोकांनी त्यात फेरफार करून स्वतःचे क्लायंट बनवले, आपोआप नेम धरणारे, भिंतीपलीकडचं दाखवणारे. ऑनलाइन खेळणारे प्रामाणिक लोक वैतागले. कारण ती गेम खेळाडूच्या मशीनवर भरवसा ठेवून लिहिलेली होती. कोड झाकलेला होता तोवर तो भरवसा झाकला गेला होता. आता कंपनीच्या जागी बसून विचार करा, जुन्या गेमचा कोड दिला आणि त्यातलाच निम्मा कोड तुमच्या चालू गेममध्ये असेल तर? कंपन्या काही दरवेळी कोऱ्या पाटीवर लिहीत नाहीत.

वकीलीणबाई_नागपूर

बापरे, इथं तर युक्तिवाद सुरू आहेत नं. माझा गेम्सशी संबंध मुलाच्या टॅबपुरता, पण कायद्याचं विचारलंय म्हणून लिहिते.

पहिली गंमत ही की आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा "साहित्यकृती" या सदरात येतो. म्हणजे कादंबरी आणि क्रिकेट ०७ एकाच रांगेत. आणि मुदत लेखकाचं आयुष्य अधिक ६० वर्षं. अमेरिकेत कंपनीने पगारी लोकांकडून करून घेतलेलं काम असेल तर प्रकाशनापासून ९५ वर्षं. डूमचा हिशोब तुम्हीच करा, १९९३ अधिक ९५, म्हणजे २०८८ संपेपर्यंत. सॉफ्टवेअरचं खरं आयुष्य दहा-पंधरा वर्षं आणि संरक्षण नातवाच्या म्हातारपणापर्यंत, हे काऊन असं ठरवलं याला माझ्याकडे तरी पटेल असं उत्तर नाही. ही मुदत पुस्तकं डोळ्यांपुढे ठेवून ठरलेली आहे. पुस्तक शंभर वर्षांनी उघडून वाचता येते, सीडी नाही.

दुसरं, "विकत नाहीत तर मोकळं करा" याच्या जवळ जाणारी एक तरतूद आपल्याकडे आहे. कलम ३१. प्रकाशित झालेली कृती मालक परत काढायला नकार देतो आणि त्यामुळे ती लोकांपासून रोखली जाते, तर सक्तीचा परवाना मागता येतो, मोबदला देऊन. ऐकायला छान वाटते. पण यात खोच बघा, प्रकाशित काय झालं होतं? सीडी. सोर्स कोड कधीच प्रकाशित झालेला नाही, तो कंपनीच्या तिजोरीतलं गुपित आहे. म्हणजे अगदी लढून जिंकलात तरी जास्तीत जास्त तीच सीडी पुन्हा छापायची परवानगी मिळेल. भाच्याचा डीआरएस त्यातून येणार नाही.

तिसरं, कोल्हापूरकरांसाठी. कलम ५२ मध्ये थोडी फट आहे. स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामसोबत चालावा म्हणून लागणारी माहिती काढणं, किंवा कायदेशीर घेतलेल्या प्रतीचं काम कसं चालते याचा अभ्यास करणं, हे उल्लंघन धरत नाहीत. पण "अभ्यास करणं" आणि "अख्खी गेम परत लिहून नेटवर टाकणं" यात अंतर आहे, आणि ते अंतर कोर्टात मोजायला लागणारे पैसे मोठ्या कंपनीकडे असतात, पोरांकडे नसतात.

थर्डमॅन_८८

@वकीलीणबाई_नागपूर खूप आभार मॅडम, हे सीडी आणि कोड वेगळं हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. म्हणजे कायद्याने ओढून काढता येत नाही, कंपनीच्या मनात आलं तरच. आणि ईएच्या मनात येईल असं काय आहे, ती काय इतकी दिलदार कंपनी वाटत नाही कधी.

कंपायलर_काका

@थर्डमॅन_८८ इथं मात्र तुम्ही चुकताय. ईएने हे करून दाखवलंय, एकदा नाही दोनदा.

२०२० मध्ये कमांड अँड काँकर ही युद्धाच्या गेम्सची सिरीज नव्याने काढली तेव्हा टायबेरियन डॉन आणि रेड अलर्टच्या मुख्य कोडचा भाग त्यांनी मॉडवाल्यांसाठी जीपीएलखाली दिला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर टायबेरियन डॉन, रेड अलर्ट, रेनिगेड आणि जनरल्स (झीरो अवरसकट) यांचा अख्खा सोर्स गिटहबवर टाकला. जनरल्स २००३ ची, म्हणजे क्रिकेट ०७ पेक्षा तीनच वर्षं मोठी. त्यामुळे "जुनी कंपनी देत नसते" हे म्हणायला आता जागा नाही.

पण त्या जनरल्सच्या कोडसोबतची रीडमी फाइल वाचा, गेम्सच्या कोडबद्दल त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या लेखातून कळायचं नाही. कोड आहे, पण त्याला लागणाऱ्या बाहेरच्या गोष्टींची ही यादी. व्हिडिओ दाखवायला बिंक, आवाजाला माइल्स, ऑनलाइन खेळायला गेमस्पाय, सीडी खरी की खोटी बघायला सेफडिस्क. यातलं काही कोडसोबत नाही, कारण यातलं काहीच ईएचं नाही. गेमस्पायचे सर्व्हर तर मे २०१४ लाच बंद झाले. सेफडिस्कचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये चालूच देत नाहीत, सुरक्षेला धोका म्हणून, त्यामुळे त्या काळच्या कितीतरी ओरिजिनल सीड्या आज चालत नाहीत आणि @तपकीर_गल्लीवाला तुमच्या गल्लीतल्या चालतात. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर सांगायचं एवढंच की कोड सोडणं म्हणजे बटण दाबणं नाही. कोणीतरी बसून प्रत्येक फाइल बघावी लागते, हे आपलं, हे त्यांचं, हे काढा, हे ठेवा. डूम थ्रीच्या वेळी २०११ मध्ये सावल्या काढायच्या एका पद्धतीवर क्रिएटिव्ह कंपनीचं पेटंट होतं म्हणून वकील अडून बसले, शेवटी कार्मॅकने तेवढा भाग नव्याने लिहिला आणि मग कोड बाहेर आला. प्रत्येक कंपनीत असा माणूस नसतो.

बर्फातला_बंड्या

कॅनडातल्या हॅलिफॅक्सवरून लिहितोय, इथं आत्ता बाहेर मायनस आठ आहे आणि मी क्रिकेटच्या धाग्यावर.

क्रिकेट ०७ बद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ती ईएने लिहिलेलीच नाही. ती लिहिली एचबी स्टुडिओजने, आणि ते आहेत इथून तासाभरावर लुनेनबर्गला. मासेमारीचं छोटंसं गाव, रंगीत लाकडी घरं, उन्हाळ्यात टूरिस्ट. क्रिकेट तिथं कोणाला सांगायला गेलात तर आधी क्रोके समजतील. आपण ज्या गेमवर अख्खी शाळा-कॉलेजं काढली ती या गावात लिहिली गेली. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा बायकोला सांगितलं, इथं थांबून एक फोटो काढ, ती म्हणाली समुद्र तिकडे आहे. मी म्हटलं समुद्राचा नको.

आता गुंता बघा. एचबी पुढे गोल्फच्या गेम्स करायला लागले आणि २०२१ मध्ये त्यांना टेक-टूने विकत घेतलं. होय, तीच टेक-टू, व्हाइस सिटीवाली. म्हणजे कोड लिहिला एकाने, नावावर छापला दुसऱ्याने, आणि लिहिणारा आता तिसऱ्याच्या घरात नांदतोय, जो दुसऱ्याचा स्पर्धक आहे. वर कॉमेंट्री रिची बेनो आणि मार्क निकोलसची, त्यांचे करार वेगळे. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या टीमचे करार वेगळे. जनरल्समध्ये रणगाडे कोणाचा फोटो वापरला म्हणून केस घालत नाहीत, क्रिकेटमध्ये प्रत्येक थोबाडाला मालक आहे.

कोल्हापुरी_कंट्रोलर

बेनोसाहेबांचा आवाज काढला तर ती गेम न्हाईच मग. कोड गेला खड्ड्यात, आवाज ठेवा.

जावा_जमाना

मी शक्यतो इथं लिहीत नाही पण आज राहवत नाहीये.

सगळेजण धरून चालला आहात की कोड कुठल्यातरी कपाटात आहे आणि कंपनी किल्ली देत नाहीये. मी त्या कपाटाच्या बाजूला काम केलंय. २००४ ते २००८ पुण्यात एका छोट्या कंपनीत मोबाईल गेम्स लिहायचो, नाव सांगत नाही, कंपनी आता नाही आणि मालक भला माणूस होता. नोकियाच्या कीपॅडवाल्या फोनवर चालणाऱ्या जावा गेम्स. सगळी गेम चौसष्ट केबीत बसवायची, नाहीतर काही फोन घ्यायचेच नाहीत. एक क्रिकेटची होती, पाच नंबरचं बटण दाबलं की सिक्स. बॉल टप्पा पडून उठतो ते गणित बसवायला मला तीन आठवडे लागले कारण त्या फोन्समध्ये दशांश चिन्हाचे आकडेच नव्हते, सगळं पूर्णांकात करायचं. त्या तीन आठवड्यांचा मला आजही अभिमान आहे, पगाराच्या स्लिपपेक्षा जास्त.

तो कोड आज कुठेही नाही. कोणी लपवला नाही, कोणी नाकारला नाही. सर्व्हर म्हणजे पँट्रीशेजारी ठेवलेला एक पीसी होता, वर बोर्ड "बंद करू नये". कंपनी गुंडाळली तेव्हा खुर्च्या, टेबलं, एसी आणि तो पीसी एकाच टेम्पोतून भंगारात गेला. मी त्या दिवशी नव्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेलो होतो. डिस्क काढून घ्यावी हे मला सुचलं सहा महिन्यांनी.

आणि आम्ही तर चिल्लर. कोनामीने सायलेंट हिलची एचडी आवृत्ती काढायला घेतली तेव्हा पूर्ण झालेला कोड सापडला नाही, अर्धवट अवस्थेतला कोड घेऊन काम करावं लागलं आणि सगळे जुने बग परत आले. आइसविंड डेल टू परत काढायची होती, सोर्स मिळालाच नाही म्हणून आजवर तशी निघाली नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या.

आपल्याकडे आलम आराची एकही प्रिंट उरलेली नाही हे वाचून आपण हळहळतो, १९३१ चा सिनेमा, तेव्हा कोणाला अक्कल नव्हती म्हणतो. सीडी म्हणजे प्रिंट आणि सोर्स म्हणजे निगेटिव्ह. प्रिंटच्या निदान लाखो प्रती तपकीर गल्लीने करून ठेवल्या (हसू नका, खरं आहे). निगेटिव्ह आजही टेम्पोतून जातायत. १९५४ च्या कायद्याने पुस्तक छापलं की एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आपल्या मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीलाही पाठवावी लागते. सॉफ्टवेअरला असं काही नाही. म्हणून माझं म्हणणं, "सोडा" नंतर म्हणा. आधी "आहे का, आणि ठेवा" म्हणा. कुलूपबंद ठेवा, पन्नास वर्षं कोणाला दाखवू नका, पण ठेवा.

एसवाय_कॉम्प्स

हे वाचून कसंतरी झालं सर.

मी थोडं शोधलं. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, २०१० च्या आधी तिथं आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. आणि प्रिन्स ऑफ पर्शियाचं पण सापडलं, १९८९ ची ॲपल टू वरची मूळ गेम. जॉर्डन मेकनरला वाटलेलं कोड हरवला, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात फ्लॉपी सापडल्या. मग जुन्या मशीन जमवून, त्या वाचता येणारी माणसं बोलावून सगळं काढलं आणि त्याने ते असेंब्ली कोडसकट गिटहबवर टाकलं. वडिलांनीच त्या गेमचं म्युझिक दिलेलं, आणि तो माणूस पळतो ना, उडी मारतो, ते लहान भावाचं शूटिंग करून फ्रेम बाय फ्रेम काढलेलं.

कंपायलर_काका

प्रिन्स ऑफ पर्शिया! आमच्या संस्थेच्या लॅबमध्ये ती आणि डेंजरस डेव्ह, बस. सर आले की डेव्ह मिटवून फॉक्सप्रो उघडायचं. त्यातला तो पळणारा माणूस इतका खरा का वाटतो हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

@जावा_जमाना तुमचं म्हणणं पटलं, माझं आधीचं सगळं लिहिलेलं थोडं पोकळ वाटायला लागलं. कार्मॅकने दिला कारण त्याच्याकडे होता.

तपकीर_गल्लीवाला

@जावा_जमाना जपून ठेवण्याला माझा कधीच विरोध नव्हता आणि नाही. सक्तीने वाटायला लावण्याला आहे. एखाद्या लायब्ररीने सीलबंद घ्यावं, मुदत संपली की उघडावं, मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवीन. फक्त मुदत २०८८ नको, तेवढं मॅडमचं बरोबर आहे. विकणं बंद केल्यापासून वीस वर्षं म्हणा. मालकाला वाटलं तर त्याने परत विकायला काढावी आणि घड्याळ थांबवावं.

वकीलीणबाई_नागपूर

@तपकीर_गल्लीवाला घड्याळ थांबवायला ते वर्षातून एकदा एक सीडी विकतील नं. पळवाट मसुद्यातच बुजवावी लागते. पण विचार वाईट नाही, "रास्त किमतीत सर्वसाधारण ग्राहकाला उपलब्ध" असे शब्द घालावे लागतील. आणि ठेवीची सक्ती आधी, उघडण्याची नंतर. बघा, फुकटात अर्धा मसुदा करून दिला तुम्हाला.

बर्फातला_बंड्या

@थर्डमॅन_८८ मी उन्हाळ्यात लुनेनबर्गला परत जाणार आहे. ऑफिसचं दार वाजवणार नाही, तेवढा निर्लज्ज नाही. पण तिथं तेव्हा काम केलेला कोणी रिटायर्ड माणूस बंदरावर कॉफी पिताना भेटलाच तर एवढं नक्की विचारीन की ते फील्डिंग कोणी लिहिलं होतं. कोड नाही मागणार.

थर्डमॅन_८८

@बर्फातला_बंड्या हाहा, विचाराच, आणि सांगा की इचलकरंजीत एक पोरगा आजही डीप पॉइंट मोकळा ठेवल्याबद्दल शिव्या घालतोय.

मी कंपनीला मेल लिहायला घेतला होता, "कृपया सोर्स कोड खुला करावा" वगैरे. तो खोडला. आता दोनच ओळी ठेवल्यात, तुमच्याकडे क्रिकेट ०७ चा पूर्ण कोड अजून आहे का, आणि असल्यास तो किती ठिकाणी ठेवलाय. उत्तर येईल असं वाटत नाही पण पाठवतो.

@जावा_जमाना तुमच्या त्या गेमची तयार फाइल तरी कुणाच्या फोनमध्ये असेल ना?

जावा_जमाना

असेल. माझ्याच जुन्या नोकियात असेल, मेमरी कार्डवर, आईकडे वाड्यातल्या फडताळात पडलाय. जावाची जार फाइल परत उलगडता येते तशी, फक्त आम्ही जागा वाचवायला सगळ्या फंक्शनची नावं ए, बी, सी करून टाकायचो, त्यामुळे मलाच माझा कोड वाचताना परक्यासारखं होईल. पण ते टप्प्याचं गणित मी ओळखीन, नाव काहीही असू दे.

शनिवारी जातोय. फोन चालू करायला चार्जर नाही. तो नोकियाचा बारीक पिनवाला, जाडा नाही, कुणाकडे आहे का?

तपकीर_गल्लीवाला

आपल्याच गल्लीत मिळेल. पन्नास रुपये. बिल मागू नका.